कुत्र्याचं इंजेक्शन

'कुत्र्याचं इंजेक्शन' या शब्दांची आपल्याकडे एक गंमत आहे. कुत्र्याला देतात तेही कुत्र्याचं इंजेक्शन, आणि कुत्रा चावल्यावर माणसाला देतात तेही कुत्र्याचंच इंजेक्शन. मागे एकदा फोनवर बोलताना मी आत्याला सहज म्हटलं, "ठेवते आता, आज कुत्र्याचं इंजेक्शन आहे." पलीकडे एकदम शांतता. मग दबक्या आवाजात, "अगं बाई! कुठे चावला?" बंड्याला द्यायचंय, मला नाही, हे तिला पटवता पटवता पाच मिनिटं गेली. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे ठाऊक असूनही लिहिते आहे. रागावू नकोस. पुढे तुझ्याबद्दल चांगलंही आहे.)

आत्याच्या लहानपणी या शब्दांचा एकच अर्थ होता, चावल्यानंतरचा. माझ्या लेकीला उलट फक्त बंड्याचा अर्थ ठाऊक. एवढ्याशा दोन पिढ्यांत सुई माणसाच्या पोटावरून कुत्र्याच्या मानेवर कशी गेली, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मग थोडं वाचलं, थोडं आमच्या डॉक्टरांना पिडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आधी आमच्या डॉक्टरांचा दवाखाना. एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाकडं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठा वजनकाटा, आणि भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचं रंगीत पोस्टर, ज्यात बंड्याची जात नाही. संध्याकाळी सहानंतर इथे जो दरबार भरतो तो बघण्यासारखा असतो. गोचिडांनी हैराण झालेला लॅब्रेडॉर, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा अडकवलेली एक कुत्री, टोपलीतून फक्त डोळे दिसणारी मांजर, आणि एखाद्या आजोबांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं, सलाइन लावलेलं पिल्लू. ते बहुतेक परवोचं असतं आणि त्याच्याकडे बघवत नाही. माणसं एकमेकांची नावं विचारत नाहीत. "टायगरची मम्मी", "मिनीचे बाबा" एवढ्यावर भागतं. बंड्या बाहेर रस्त्यावर वाघ असतो. उंबऱ्याशी आला की चारही पाय रोवून उभा राहतो. आम्ही त्याला ढकलत आत नेतो आणि बाकड्यावरची मंडळी समजूतदारपणे पाय आखडून घेतात.

आतल्या खोलीत एक स्टीलचं टेबल आणि कोपऱ्यात छोटा फ्रिज. हा फ्रिज म्हणजे डॉक्टरांचा देव. लस दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे, नाहीतर आत उरतं ते नुसतं पाणी. २००५-०६ च्या भारनियमनात, दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची तेव्हा, थर्मासमध्ये बर्फ भरून त्यांनी लशी सांभाळल्या. त्या काळात रोज रात्री घरी जाण्याआधी फ्रिजवर हात ठेवून बघायची सवय लागली, ती अजून आहे म्हणतात.

बंड्याच्या कार्डावर बऱ्याच लशींचे स्टिकर आहेत. त्यातले परवो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे रोग, ते आपल्याला होत नाहीत. ती इंजेक्शनं त्याच्यासाठी. पण रेबीजचं इंजेक्शन टोचतात त्याला, आणि वाचवतात त्याला आणि आपल्यालाही. माणसाला रेबीजपासून वाचवायचं तर सुई कुत्र्याला टोचा, ही साधी गोष्ट कळायला आणि कळल्यावर करायला माणसाला फार वेळ लागला. मधल्या काळात माणसाने दोन गोष्टी केल्या: कुत्री मारली आणि माणसांना टोचलं.

रोग तसा जुनाच. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याचं वर्णन आहे, आणि जलत्रास, म्हणजे पाण्याची भीती सुरू झाली की रोगी वाचत नाही हेही स्पष्ट सांगितलेलं आहे. ते आजही जवळजवळ शंभर टक्के खरं आहे. लक्षणं दिसली की संपलं. पण या रोगात एक फट आहे. चाव्यातून शिरलेला विषाणू रक्तातून धावत नाही, तो मज्जातंतूंतून हळूहळू सरकत मेंदूकडे जातो. पायाला चावा असेल तर त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. तो मेंदूत पोचण्याआधी शरीराला लढायला शिकवलं तर माणूस वाचतो. चावल्यानंतर लस देऊन उपयोग होतो तो या फटीमुळे.

पण ही फट माहीत नव्हती तेव्हा उपाय एकच होता, काठी. मुंबईचीच गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने सरकार भटकी कुत्री मारत असे, आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे देत असे. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. पोलिसांचे शिपाई इतक्या उत्साहाने कामाला लागले की दारातली, अंगणातली, पाळलेली कुत्रीही उचलू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. माणूस गेल्यावर अंत्यविधीत कुत्र्याची नजर पडावी लागते. जून १८३२ मध्ये फोर्टातल्या पारशांचा संयम सुटला आणि दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले, आणि कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांचे पाव-पाण्याचे वांधे झाले. इतिहासात ही 'बॉम्बे डॉग रायट्स' म्हणून नोंदली गेली. शाळेत आम्हाला पानिपताच्या सगळ्या तारखा पाठ करायला लावल्या. आपल्याच शहरात कुत्र्यांवरून दंगल झाली होती हे मात्र कोणी सांगितलं नाही.

त्यातून एक चांगली गोष्ट झाली. सर जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन १८३४ मध्ये मुंबईत पांजरपोळ काढला. मारण्याऐवजी जनावरं तिथे ठेवायची. भुलेश्वरचा पांजरपोळ तो हाच. कुत्र्यांचं काय करायचं यावर भांडण झालं आणि त्याचं उत्तर म्हणून एक जागा बांधली गेली, हे मला फार आवडलं. फक्त ती आश्रयाची जागा होती, औषधाची नव्हती.

औषधाची जागा यायला आणखी पन्नास वर्षं लागली, आणि तीही कुत्र्यांसाठी आली नाही. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्याच वर्षी जनावरांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था, बीएसपीसीए, निघाली. (योगायोगच म्हणायचा, पण उन्हातान्हात ट्राम ओढणारी घोडी रोज डोळ्यांसमोर असल्यावर संस्थेला कामाची वाण पडली नसणार.) पुढच्या दशकात सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, त्यांच्या पत्नी बाई साकरबाईंच्या नावाने. १८८६ मध्ये त्याच्या शेजारी मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील. लष्करातले पशुवैद्य होते, घोडे आणि खेचरं हा त्यांचा विषय. सर्रा नावाच्या रोगावर त्यांचं काम आहे. उणीपुरी पस्तिशी गाठून १८९१ मध्ये ते गेले. त्या काळी पशुवैद्याचा खरा पेशंट म्हणजे ओझं वाहणारा. घोडा, बैल, म्हैस आजारी पडली तर कोणाचं तरी पोट अडतं. कुत्र्यावाचून कोणाचं अडत होतं? आमच्या गावाकडे अजून 'गुरांचा दवाखाना'च म्हणतात, आणि तिथे कुत्रा घेऊन गेलं की आधी लोक हसतात.

तर कुत्र्याच्या सुईची कथा सुरू होते ती मुंबईत नाही, फ्रान्समध्ये. आणि तीही ज्यांचं नाव आपण सगळे घेतो त्या पाश्चरपासून नाही.

लिआँ या फ्रेंच गावात क्लोद बूर्जला या गृहस्थांनी अठराव्या शतकात, १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला, जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा काढली. गुरांच्या साथींनी देश हैराण झाला होता म्हणून. त्याच शाळेत शंभरेक वर्षांनी पिएर-व्हिक्तोर गाल्तिए नावाचे प्राध्यापक होते. १८७९ मध्ये त्यांनी दाखवलं की रेबीज सशांना देता येतो. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण तोवर हा रोग अभ्यासायचा म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याशी प्रत्यक्ष गाठ, आणि तोही रोग कधी उमटवेल त्याचा नेम नाही. ससा चावत नाही (फारसा), आणि त्याच्यात रोग लवकर दिसतो. प्रयोगशाळेची दारं उघडली ती सशाने. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, गाल्तिएंनी पिसाळलेल्या जनावराची लाळ मेंढ्यांच्या शिरेत टोचून दाखवलं की त्या मेंढ्यांना पुढे रेबीज होत नाही. म्हणजे रेबीजपासून संरक्षण देता येतं हे पहिल्यांदा दाखवलं एका गुरांच्या डॉक्टरने, मेंढ्यांवर.

पाश्चर हे पुढे घेऊन गेले. मेलेल्या सशाच्या मज्जारज्जूचे तुकडे बाटलीत टांगून वाळवायचे. जितके दिवस वाळेल तितकं विष कमजोर. आधी सगळ्यात कमजोर टोचायचं, मग रोज थोडं अधिक जोमदार. हे त्यांनी कुत्र्यांवर करून पाहिलं आणि कुत्री वाचली. इथे एक क्षण असा आला होता की गोष्ट सरळ तिच्या योग्य जागी पोचली असती. कुत्र्यांनाच लस दिली तर रोग मुळातच थांबेल, हा विचार त्यांनी केलाही. मग फ्रान्समध्ये कुत्री किती, प्रत्येकाला किती टोचण्या, त्यासाठी ससे किती, हा हिशेब मांडला आणि तो नाद सोडून दिला. त्यापेक्षा चावलेल्या माणसांना टोचणं आटोक्यातलं होतं. ६ जुलै १८८५ ला आल्सासहून आईबरोबर आलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली सुई दिली. त्यानंतर दहा दिवसांत आणखी बारा. पोरगा जगला आणि मोठेपणी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच द्वारपाल झाला. पुढची कितीतरी वर्षं जगाने मुख्यतः माणसांनाच टोचलं.

आपल्याकडे ही सोय १९०० मध्ये आली, ती सिमल्याजवळ कसौलीला. त्याआधी ज्याला परवडेल त्याने पॅरिस गाठायचं, बाकीच्यांनी देवाचं नाव घ्यायचं. कसौली झाल्यावरही सुख नव्हतंच. कुठल्यातरी खेड्यात कुत्रा चावला तर माणसाने आगगाडी धरून काल्का, तिथून डोंगर चढून कसौली, आणि मेंदूकडे सरकणारा विषाणू एका बाजूला तर आगगाडीचं वेळापत्रक दुसऱ्या बाजूला. १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला दुसरी संस्था झाली. तरी देश केवढा!

कोंडी फोडली कसौलीच्याच डेव्हिड सेंपल यांनी, १९११ मध्ये. त्यांनी रेबीज झालेल्या मेंढीचा मेंदू वाटून कार्बोलिक आम्लाने त्यातला विषाणू मारला. ही मेलेली लस बाटलीत भरून जिल्ह्याजिल्ह्याला पाठवता येऊ लागली. पेशंटने लशीकडे जायच्या ऐवजी लस पेशंटकडे आली. परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनत असे. किती लाख माणसं तिने वाचवली असतील कोण जाणे. आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणीतरी ज्याच्या आठवणीने अजून पोट धरतं, ती 'पोटातली चौदा इंजेक्शनं' म्हणजे हीच लस.

आता आत्या. १९७१ साल, सातारा, आत्या नऊ वर्षांची. शाळेतून येताना शेजारच्या आळीतला एक कुत्रा पोटरीला चावला. आमच्या आजीने जखमेवर आधी चुना-तिखट लावलं, जे तेव्हा सगळेच करत. (करू नये, वाचकहो. साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं, आणि मग थेट दवाखाना. हे एवढं जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुरे.) आजोबा सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून तिला सरकारी दवाखान्यात रोज नेत. रोज म्हणजे चौदा दिवस रोज. बेंबीच्या आजूबाजूला, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पोटातच का? कारण मेंदूचं ते पांढरट पाणी एका वेळी काही मिलिलिटर द्यावं लागे, आणि दंडात तेवढी जागा नसते. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोटावर लिंबाएवढ्या गाठी झाल्या होत्या. आत्या सांगते, सुईपेक्षा दवाखान्याच्या वळणावरचं चिंचेचं झाड दिसलं की जास्त भीती वाटायची, कारण त्यानंतर फाटकच. आजोबांनी रोज परत येताना दोन पैशांचे बत्तासे घेऊन दिले. चौदाव्या दिवशी मात्र बत्तासे नकोत म्हणाली, घरी नेऊन झोपवा म्हणाली. तुळशीपुढे डोकं टेकणाऱ्या आमच्या शाकाहारी आजीला पोरीच्या पोटात मेंढीचा मेंदू टोचताहेत हे कोणीही, शेवटपर्यंत, सांगितलं नाही.

आत्या सुखरूप राहिली. सगळेच राहत नसत. लशीत मेंढीच्या मेंदूचे अंश असत. शरीर त्यांच्याविरुद्ध उठलं की कधीकधी स्वतःच्याच मज्जातंतूंवर घसरे, आणि हजारो माणसांमागे एखाद्याला त्यातून पक्षाघात होई. म्हणजे रोग होऊ नये म्हणून घेतलेल्या औषधाने माणूस अंथरुणाला खिळायचा. आणि चावलेला कुत्रा पिसाळलेला होता की नाही हे पुष्कळदा माहीतच नसे! आत्याला चावला त्या कुत्र्याचंही तसंच झालं. आज आमचे डॉक्टर सांगतात, कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. लाळेत विषाणू येतो तो लक्षणांच्या काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की कुत्रा लवकरच मरतो. दहा दिवसांनी तो शेपटी हलवत असेल तर चावला तेव्हा लाळेत काही नव्हतं. (अर्थात माणसाची लस तेवढ्यासाठी थांबवायची नाही. ती त्याच दिवशी सुरू करायची.) साताऱ्यातल्या त्या कुत्र्याला आळीतल्या पोरांनी संध्याकाळपर्यंत दगडांनी ठेचून मारलं होतं. तो बहुधा चांगला कुत्रा होता. आत्याच तसं म्हणते. ती त्याला येता-जाता भाकरीचा तुकडा टाकायची.

सेंपलची लस भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. जगातल्या कितीतरी देशांनी ती केव्हाच सोडली होती, तरी स्वस्त म्हणून आपण चालवली. नंतर पेशींवर वाढवलेल्या लशी सगळीकडे आल्या. आता दंडात चार-पाच टोचण्या, काही सरकारी दवाखान्यांत तर कातडीतच थेंबभर. कामावर जाऊन येता येतं.

या नव्या लशींच्या मागे एक मुलगी आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १९३९ मध्ये ती रेबीजने गेली. आडनाव फ्लरी. तिच्या मेंदूतून काढलेला विषाणू संशोधकांनी प्रयोगशाळेत जपला. पुढे हिलरी कोप्रोव्स्की आणि हॅरल्ड कॉक्स यांनी तो कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात पुन्हा पुन्हा वाढवून असा निवळवला की कुत्र्याला एकच टोचणी पुरेल अशी लस १९४८ च्या सुमारास तयार झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेंफिस शहरात रेबीजची साथ होती. तिथे कुत्र्यांनाच सरसकट टोचलं गेलं आणि साथ ओसरली. पाश्चरचा हिशेब अखेर सुटला. (कुत्र्यांना मोठ्या संख्येने टोचायचा प्रयोग जपानी पशुवैद्य उमेनो आणि दोई यांनी १९२१ मध्येच केला होता, हेही सांगायला हवं.) त्या विषाणूचं नाव आजही फ्लरी वाणच आहे. आणि केवळ कुत्र्यांच्या लशीत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं माणसांना देत आलेली रॅबीपूर ही लसही त्याच वाणाची. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. त्या पोरीच्या आईवडिलांना यातलं काही कळलं असेल का?

म्हणजे १९५० पर्यंत सगळं हातात होतं. लस होती, एका टोचणीत भागत होतं, कोणाला टोचायचं ते माहीत होतं. मग आपण काय केलं? मुंबईत महापालिका कुत्री मारत राहिली. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास, विजेचा धक्का देऊन. मी तेव्हा दादरला शाळेत होते. पहाटे कुत्र्यांची गाडी यायची. आमच्या चाळीतली मोती नावाची कुत्री गाडीचा आवाज ओळखायची आणि जिन्याखाली, तिसऱ्या बिऱ्हाडाच्या पिंपामागे जाऊन बसायची. काकू तिच्यावर गोणपाट टाकायच्या आणि शिपायांना चहा विचारायच्या. असो.

दहा वर्षं मारूनही कुत्री कमी झाली नाहीत, हा त्यातला व्यावहारिक मुद्दा. गल्लीतली चार कुत्री नेली की कचरा तिथेच असतो, त्यावर दुसऱ्या गल्लीतली चार येतात, आणि ती कोणाच्या ओळखीची नसतात. टोचलेली, शांत, माणसाळलेली कुत्री पकडायला सोपी, म्हणून तीच आधी मरतात. मारण्याने रोगाला अडवणारी भिंतच पाडली जाते. १९९४ मध्ये महापालिकेने सरसकट मारणं थांबवलं, १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरणाचा मार्ग घालून दिला, २००१ मध्ये देशभरासाठी नियम झाले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात कुठे पैसे नाहीत, कुठे माणसं नाहीत, कुठे नसबंदी होते आणि रेबीजची सुई पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि लोकांचा राग खोटा नाही, हेही कबूल करायला हवं. पहाटे दूध घेऊन येणाऱ्या माणसाला, शाळेत पायी जाणाऱ्या पोराला जे भोगावं लागतं ते कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्या, बऱ्याचदा गाडीतून फिरणाऱ्या बाईने हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे रेबीजने वर्षाला वीसेक हजार माणसं जातात असा अंदाज बरीच वर्षं सांगितला जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत तो पावणेसहा हजारांच्या आसपास आला. आकडा उतरला हे खरं. पण यातला प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, अकरा दिवसांत मोठ्या खंडपीठाने ते बदलून टोचून, नसबंदी करून परत सोडा (पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून) असं सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा-इस्पितळांच्या आवारांसाठी पुन्हा वेगळा, कडक आदेश दिला. ते वाचताना मला राहून राहून १८३२ चा फोर्ट दिसत होता.

"किती कुत्र्यांना टोचलं की पुरे?" मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते तेव्हा एका बोक्याच्या कानातून काहीतरी काढत होते. मान वर न करता म्हणाले, "शंभरातल्या सत्तर. पण दर वर्षी." सगळ्यांना का नको, तर एक पिसाळलेला कुत्रा मरण्याआधी सरासरी दोनाहूनही कमी कुत्र्यांना रोग देतो. गोवर किंवा देवीसारखा हा भराभर पसरणारा रोग नाही, तो चाव्याचाव्याने रखडत जातो. सत्तर टक्के दारं बंद असली की त्याला पुढचं घर सापडत नाही. दर वर्षी का, तर रस्त्यावरचं कुत्रं फार जगत नाही. जुनी मरतात, नवी पिल्लं येतात, आणि भिंतीला भोकं पडतात.

हे आपल्या शेजारीच कोणी करून दाखवलंय का, तर हो, गोव्याने. 'मिशन रेबीज' नावाची संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून २०१४ पासून तिथे गावोगाव, वाड्यावाड्यांतून कुत्री टोचायला सुरुवात केली. पाळीव कुत्रं मालकाने धरायचं. रस्त्यावरचं असेल तर लांब दांड्याच्या जाळीत पकडायचं, सुई द्यायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि जागच्या जागी सोडून द्यायचं. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली, ते फोनवर नकाशात टिपायचं. शाळांत जाऊन पोरांना शिकवायचं. पुढे वर्षाला लाखाच्या घरात कुत्री होऊ लागली. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस गेला नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारने गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. आमच्या डॉक्टरांचा एक वर्गमित्र एका मोहिमेला गेला होता. त्याने सांगितलेली अडचण एकच. म्हापशाकडच्या एका वाड्यावर एक आजीबाई आपल्या कुत्र्याला सोडेचनात. त्याला रंग लावू नका म्हणत होत्या. आज सकाळीच आंघोळ घातलीय.